स्टीव्हनसनची चौथी फेरी

हौशी बॉक्सर तेओफिलो स्टीव्हनसन प्रो, म्हणजे व्यावसायिक, झाला असता तर जगज्जेता झाला असता का, हा वाद आमच्या घरात माझ्या आठवणीच्या आधीपासून चालू आहे. बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये होते. त्यांनी स्वतः कधी ग्लोव्ह घातले नाहीत, पण हितवादमध्ये बॉक्सिंगची दोन ओळींची बातमी आली तरी कापून ठेवायचे, आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी मासिकं चाळत तासन्‌तास उभे राहायचे. त्यांचं उत्तर पहिल्यापासून एकच आहे: "अलीले बी झोपवलं असतं त्यानं."

माझं उत्तर वेगळं आहे. झाला असता, पण एका अटीवर. म्युनिक ऑलिंपिक संपल्यावर, १९७२ च्या हिवाळ्यातच त्यानं सुरुवात करायला हवी होती. चार वर्षांनी, माँट्रियलनंतर केली असती तर त्याचं नाव मोठं झालं असतं, पैसा मिळाला असता, पट्टाही कदाचित काही महिने कमरेला आला असता. पण त्या काळातला जो खरा जगज्जेता होता, लॅरी होम्स, त्याला तो हरवू शकला नसता असं मला वाटतं. हे मी बाबांसमोर बोलले की ते पेपर वर धरतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्यूबाचा स्टीव्हनसन, जन्म १९५२, उंची सहा फूट पाच इंच. हेवीवेट गटात १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. १९७४ आणि १९७८ ला जागतिक विजेता, आणि मग १९८६ मध्ये रिनोला, चौतिसाव्या वर्षी, सुपर हेवीवेटमध्ये पुन्हा. १९८४ च्या लॉस एंजेलिसवर क्यूबानं बहिष्कार टाकला, नाहीतर चौथं पदक मिळालं असतं की नाही हा आणखी एक वाद. प्रो लढत एकही नाही. क्यूबानं साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच व्यावसायिक खेळ बंद केले होते, आणि त्याला देश सोडायचा नव्हता.

त्याचा उजवा हात मी माझ्याकडे बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरींना दाखवते तेव्हा व्हिडिओ अगदी हळू करून दाखवते. आधी डावा बघा म्हणते. डावा हात तो पुष्कळदा मारत नाही, लांब करून समोरच्याच्या कपाळापुढे नुसता ठेवतो. समोरचा माणूस त्या ग्लोव्हकडे बघत राहतो, तो बाजूला सारायचा प्रयत्न करतो. तेवढ्यात अंतर मोजून झालेलं असतं. मग मागच्या पायाची टाच फिरते, कंबर फिरते, आणि उजवा हात सरळ रेषेत निघतो. खांदा मागे घेणं नाही, कोपर बाहेर फेकणं नाही. आपल्याकडे पोरं जोरात मारायचं म्हटलं की आधी हात मागे नेतात. समोरच्याला पत्र पाठवून कळवल्यासारखंच ते. स्टीव्हनसनचा पंच निघाला हे समजायच्या आत लागलेला असायचा. म्युनिकमध्ये अमेरिकेचा ड्युआन बॉबिक तिसऱ्या फेरीत पुन्हा पुन्हा खाली गेला तो याच हातानं.

बॉबिकवरूनच पुढे निघते, कारण या वादातली सगळ्यात आवडती दोन उदाहरणं त्याची आणि जॉन टेटची आहेत, आणि दोन्ही बाजूंची माणसं ती वापरतात. टेटला स्टीव्हनसननं माँट्रियलच्या उपांत्य फेरीत पहिल्याच राउंडमध्ये आडवं केलं. तोच टेट १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला गेरी कुट्झीशी पंधरा फेऱ्या लढून डब्ल्यूबीए या प्रो संघटनेचा हेवीवेट विजेता झाला. बाबा म्हणतात, बघ, ज्याले यानं एका फेरीत संपवलं तो जगज्जेता झाला, मंग हा काहून नाही? विरोधातले लोक बॉबिक काढतात. बॉबिक प्रो झाला, अडतीस लढती हरला नाही, आणि मे १९७७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला केन नॉर्टननं त्याला अठ्ठावन्न सेकंदांत संपवलं. म्हणजे स्टीव्हनसननं ऑलिंपिकमध्ये हरवलेली माणसं किती पाण्यात होती ते दिसलं, असं त्यांचं म्हणणं.

मला दोन्ही पटत नाहीत. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणून अ क ला हरवणार, असं रिंगमध्ये चालत नाही. माँट्रियलचा टेट आणि प्रिटोरियाचा टेट यांच्यामध्ये तीन वर्षांची प्रो तालीम आहे. पण टेटच्या पुढच्याच लढतीत मला जे हवं आहे ते सापडतं. मार्च १९८० मध्ये, स्वतःच्या गावी नॉक्सव्हिलला, तो माइक वीव्हरविरुद्ध गुणांवर पुढे होता. चौदा फेऱ्या निघून गेल्या होत्या. पंधराव्या फेरीत, घंटा व्हायला एक मिनिटही उरलं नसताना, वीव्हरच्या एका डाव्या हुकनं, म्हणजे कोपरातून वळवून मारलेल्या पंचनं, तो तोंडावर पडला आणि पट्टा गेला.

पंधरा फेऱ्या म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. स्टीव्हनसनची लढत नऊ मिनिटांची. तीन फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि तीही तो बहुतेकदा पुऱ्या होऊ द्यायचा नाही. त्या ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड नव्हतं, ते १९८४ ला आलं, त्यामुळे तो सुरक्षित बॉक्सिंग खेळला असं कुणी म्हणू नये. फरक डोक्यावरच्या गादीत नव्हता, मिनिटांत होता.

हे माझ्या पोरींना नुसतं सांगून कळत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात, पहाटेच्या थंडीत, मी माझ्या दोन मोठ्या मुलींना सहा फेऱ्यांचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, दिलं. मोठे ग्लोव्ह, हेडगार्ड, आणि जोर अर्धाच, अशी ताकीद देऊन. दोघी राज्य पातळीवरच्या, दम चांगला. तीन फेऱ्या सुंदर झाल्या. चौथीची घंटा झाली आणि बघणाऱ्या सगळ्या गप्प झाल्या. आधी गेले ते पाय. दोन पावलांतलं अंतर कमी होत गेलं, टाचा टेकल्या. मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, मारून परत येणारा हात हनुवटीशी येईना, छातीपर्यंत येऊन थांबायला लागला. मग तोंडं उघडली. उघड्या जबड्यावर साधा पंचसुद्धा मेंदूपर्यंत हलवतो, म्हणून तिथं मी जोर आणखी कमी करायला लावला. पाचव्या फेरीत दोघी एकमेकींच्या अंगावर आल्या, आणि तिथून पुढे जे सुरू झालं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. खांद्यावर कपाळ टेकवून समोरचीचं वजन ढकलत राहायचं, एका हातानं तिचा दंड अडकवायचा, दुसऱ्यानं बरगडीत छोटे छोटे पंच. आमच्या खेळात रेफरी अशा वेळी दोघांना लगेच सोडवतो. प्रोमध्ये हात मोकळा असेपर्यंत तो चालू देतो, आणि लढतीचा अर्धा हिशेब तिथंच होतो.

एक जण संपल्यावर भिंतीला टेकून म्हणाली, "ताई, तिसरीनंतर मले काही सुचूनच नाही राहिलं होतं." तिच्यात कमतरता काहीच नव्हती. शरीराला नऊ मिनिटांचं गणित पाठ झालेलं असतं. शक्ती किती, कुठं खर्च करायची हे ते त्याच हिशेबानं ठरवतं. स्टीव्हनसनचं शरीरही तसंच घडवलेलं होतं, आणि अतिशय उत्तम घडवलेलं. सोव्हिएत प्रशिक्षक आंद्रेई चेर्वोनेन्को आणि क्यूबाचे आल्सिदेस सागारा यांनी लांबून, ताठ उभं राहून, स्वच्छ पंच मारणारा बॉक्सर तयार केला. जवळची मारामारी त्याला लागतच नसे.

लागली तेव्हा काय झालं ते इगोर विसोत्स्कीनं दाखवलं. हा सोव्हिएत बॉक्सर त्याच्यापेक्षा बराच बुटका. खाली वाकून, डोकं हलवत, सतत आत घुसणारा. त्यानं स्टीव्हनसनला १९७३ मध्ये क्यूबातच हरवलं, आणि १९७६ मध्ये मिन्स्कला तर नॉकआउट केलं. माँट्रियलमध्ये विसोत्स्की उतरलाच नाही. दुसऱ्या टोकाला पळणारे होते. माँट्रियलच्या अंतिम लढतीत रुमानियाचा मिर्चा सिमोन दोन फेऱ्या नुसता लांब लांब राहिला, आणि स्टीव्हनसनला तो तिसऱ्या फेरीपर्यंत सापडला नाही. मॉस्कोत हंगेरीच्या लेवाईनं तर तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. ऑलिंपिकमध्ये स्टीव्हनसनपुढे शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिलेला तो पहिलाच. अंतिम लढतीत सोव्हिएत झायेवही पडला नाही. अंगावर येणारा आणि हाताला न लागणारा, या दोन तऱ्हांच्या माणसांनी त्याला अडचणीत आणलं. प्रो हेवीवेटमध्ये सत्तरच्या दशकात अंगावर येणाऱ्या फ्रेझरपासून हाताला न लागणाऱ्या जिमी यंगपर्यंत याच दोन तऱ्हांची माणसं ओळीनं उभी होती.

इथवर वाचून बाबांच्या बाजूचे लोक चिडले असतील. पण माझं उत्तर अजूनही "झाला असता" हेच आहे, आणि त्याचं कारणही बॉबिकच. १९७१ च्या कालीमधल्या पॅन अमेरिकन स्पर्धेत बॉबिकनं स्टीव्हनसनला हरवलं होतं. वर्षभरानं म्युनिकला त्याच माणसाची काय गत झाली ते वर लिहिलंच आहे. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा एका पराभवातून बारा-तेरा महिन्यांत एवढं शिकत असेल, तर त्याला चार वर्षं द्या.

चार वर्षं मी हवेत म्हणत नाही. जॉर्ज फोरमननं १९६८ ला मेक्सिको सिटीत सुवर्ण घेतलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. जून १९६९ ला प्रो झाला. जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत पाडून जगज्जेता झाला, तोपर्यंत त्याच्या सदतीस लढती झाल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी होत्या हे खरं, आणि त्यावरून लोक नाकं मुरडतात. पण १९७० मध्ये ग्रेगोरियो पेराल्टा नावाच्या अर्जेंटिनाच्या मुरलेल्या, वजनानं हलक्या बॉक्सरनं त्याला पूर्ण दहा फेऱ्या खेळवलं. फोरमनला चौथी, सातवी, दहावी फेरी कशी असते ते त्या रात्री कळलं. चांगला मॅनेजर अशाच लढती निवडतो. एक माणूस पळणारा, एक चिकटणारा, एक म्हातारा पण लबाड. पोराला एकेक धडा मिळतो आणि खात्यावर हार चढत नाही. एवढं शिकूनही १९७४ ला किन्शासात अलीनं फोरमनला आठव्या फेरीपर्यंत ओढून नेलं आणि तिथं संपवलं, ही गोष्ट वेगळी.

म्युनिकनंतर स्टीव्हनसन वीस वर्षांचा होता. फोरमनचंच वेळापत्रक त्याला लावलं तर तो १९७६ च्या मध्याला तयार झाला असता, चोवीस वर्षांचा. आणि त्या वेळी समोर कोण होतं? चौतीस वर्षांचा अली. फ्रेझरशी मनिलातली तिसरी लढत अंगात मुरलेली, पाय मंदावलेले, जिमी यंगशी आणि नॉर्टनशी गुणांवर जेमतेम सुटलेला. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्याला लिऑन स्पिंक्सनं हरवलं. स्पिंक्स माँट्रियलचा लाइट हेवीवेट सुवर्णपदकविजेता, प्रो होऊन तेरा महिने झालेले, नावावर फक्त सात लढती. त्यानं अलीला पंधरा फेऱ्या पळवून पट्टा घेतला. सात महिन्यांनी अलीनं तो परत घेतला, पण दार किती उघडं होतं ते स्पिंक्सनं दाखवून दिलं होतं. चाळीस लढतींची तालीम झालेला, सहा फूट पाच इंचांचा स्टीव्हनसन त्या दारातून आत गेला असता यात मला शंका नाही. इथं बाबा आणि मी एकाच बाजूला आहोत.

त्याच सुमाराला अली आणि स्टीव्हनसन यांच्यात तीन-तीन फेऱ्यांच्या पाच लढती घ्यायचा एक बेत शिजत होता. तो फिसकटला. मला त्यातल्या तीन या आकड्याचं फार वाटतं. क्यूबाला त्याचं हौशीपण टिकवायचं होतं, आणि झाली असती तरी ती लढत आपल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकली नसती.

उशिरा सुरू करूनही जमू शकतं का? हंगेरीचा लास्लो पाप हे उत्तर द्यायला सगळ्यात जवळ आला. १९४८, ५२, ५६ अशी तीन सुवर्णं, मग एकतिसाव्या वर्षी प्रो, एकोणतीस लढतींत सत्तावीस विजय, दोन बरोबरी, एकही हार नाही, युरोपचा मिडलवेट विजेता. जागतिक विजेतेपदाच्या लढतीच्या तोंडावर सरकारनं परवानगी काढून घेतली. आमच्या काळातलं उदाहरण लोमाचेन्को. हौशी बॉक्सिंगमध्ये जवळपास चारशे लढती आणि हार एक, दोन ऑलिंपिक सुवर्णं. प्रोमधल्या दुसऱ्याच लढतीत, २०१४ मध्ये, ऑर्लांदो सालिदोनं त्याला चिकटून, ढकलून, कमरेखाली मारून गुणांवर हरवलं. पुढच्याच लढतीत तो जगज्जेता झाला. पण ही दोघं हलक्या वजनाची, पायांवर नाचणारी माणसं. हेवीवेटला एक चूक महागात पडते, शिकायला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

आपल्याकडे विजेंदरनं हा रस्ता धरला. बीजिंगचं कांस्य २००८ चं, प्रो पदार्पण ऑक्टोबर २०१५ चं, मँचेस्टरला. मधली सात वर्षं गेली. त्यानं सलग बारा लढती जिंकल्या, २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओ या प्रो संघटनेचा आशिया-पॅसिफिक पट्टा घेतला. मार्च २०२१ मध्ये गोव्यात पहिल्यांदा हरला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो रायपूरला लढला तेव्हा आम्ही काही जण नागपूरहून गाडीनं गेलो होतो. दुसऱ्या फेरीत त्यानं लढत संपवली. त्याचा हात तेव्हाही सुंदर होता, छत्तिसाव्या वर्षी. तो तेविसाव्या वर्षी का गेला नाही, असं कुणी सहज विचारतं तेव्हा मला राग येतो. तेविसाव्या वर्षी त्याच्यापुढे लंडन ऑलिंपिक होतं, देशाची जर्सी होती, पोलीस खात्यातली नोकरी होती, आणि भारतात प्रो बॉक्सिंगचा धंदा जवळपास नव्हताच.

आमच्याच नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडच्या किएल्त्सेला युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरील गटात सुवर्ण घेतलं, तेव्हापासून माझ्याकडच्या मुली ऑलिंपिकचं नाव घेतात, प्रोचं नाही. बरोबरच करतात. मी त्यांना दुसरं काही सांगणार नाही.

स्टीव्हनसननंही तेच केलं. दहा लाख डॉलर आणि त्याहून मोठ्या रकमांच्या गोष्टी त्याच्यापुढे आल्या, आणि ऐंशी लाख क्यूबन लोकांच्या प्रेमापुढे त्याचं काय, अशा अर्थाचं त्याचं उत्तर जगभर छापलं गेलं. काही लोक त्याला भीती म्हणतात, काही सरकारची सक्ती. सक्ती होतीच. पण क्यूबाचे कितीतरी बॉक्सर देश सोडून गेले, रिगोंदो गेला, आणि स्टीव्हनसनला दर दौऱ्यावर संधी होती. तो प्रत्येक वेळी हवानाला परत आला, २०१२ मध्ये तिथंच वारला. त्याच्या मनाविरुद्ध मी त्याला प्रो बनवून बघते आहे ते फक्त त्याच्या बॉक्सिंगवरच्या प्रेमानं.

आता उरला लॅरी होम्स, आणि बाबा पेपर वर धरतात ते याच नावावर. जून १९७८ मध्ये त्यानं नॉर्टनला पंधराव्या फेरीपर्यंत झुंजून हरवलं आणि १९८५ पर्यंत विजेता राहिला. त्या काळातला सगळ्यात चांगला जॅब त्याच्याकडे होता, पण एक खोडही होती. जॅब परत आणताना डावा हात खाली राहायचा, आणि वरून येणारा उजवा त्याला लागायचा. १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सनं सातव्या फेरीत याच हातानं त्याला आडवा केला. १९८१ मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनं, तेही सातव्याच फेरीत. स्टीव्हनसनचा उजवा या दोघांपेक्षा सरळ आणि लवकर पोचणारा होता. म्हणजे होम्स खाली गेला असता, हे बाबांचं म्हणणं मी मान्य करते.

पण तो दोन्ही वेळा उठला. दोन्ही लढती त्यानं अकराव्या फेरीत जिंकल्या. १९८२ मध्ये जेरी कूनी, स्टीव्हनसनपेक्षाही इंचभर उंच, प्रचंड पंचचा, बहुतेक लढती दोन-तीन फेऱ्यांत उरकलेला, होम्ससमोर आला. तो तेराव्या फेरीपर्यंत शौर्यानं उभा राहिला आणि मग त्याच्या कॉर्नरनं, म्हणजे प्रशिक्षकानं, लढत थांबवली. माँट्रियलनंतर सुरुवात केलेला स्टीव्हनसन मला त्या कूनीच्या जागी दिसतो. म्युनिकनंतर सुरुवात केलेला मात्र, १९७९ च्या सप्टेंबरात, शेव्हर्सच्या जागी, सातव्या फेरीत होम्सला पाडून रेफरी आकडे मोजेपर्यंत न्यूट्रल कॉर्नरमध्ये, दूरच्या रिकाम्या कोपऱ्यात, शांत उभा राहिला असता, आणि होम्स उठल्यावर घाईनं धावून गेला नसता. शेव्हर्स धावला, दमला, हुकला. साडेसहा वर्षं प्रोमध्ये मुरलेल्या स्टीव्हनसननं पुन्हा डावा लांब केला असता, कपाळापुढे धरला असता, आणि आठव्या फेरीत काम पूर्ण केलं असतं.

बाबांचं म्हणणं, आठवी नाही लागत, सातवीतच.